माशांनी मोजलेला वेग

दिवेलागणीला आमच्या उपसागरातले मासे बोलायला लागतात. हे मी गंमत म्हणून सांगत नाही. त्या माशांच्या पोटात हवेचा एक फुगा असतो आणि फुग्याच्या दोन्ही बाजूंना स्नायू. ते स्नायू फुग्यावर भराभर आपटले की रिकाम्या डब्यावर बोटं वाजवावीत तसा आवाज निघतो. एक मासा वाजवतो, शेजारचा त्याला साथ देतो, आणि बघता बघता या काठापासून त्या काठापर्यंत सगळं पाणी दणाणून उठतं. वर बोटीत बसलेल्या माणसाला यातलं काहीच कळत नाही. त्याला लाटा दिसतात आणि वाटतं, काय शांत आहे सगळं.

मला हे माझ्या भाचीने ऐकवलं. तिचं घरातलं नाव टकळी. लहानपणी ती झोपेतसुद्धा बोलायची, म्हणून तिच्या आईनेच ते ठेवलं. तीच पोरगी मोठी होऊन दिवसभर कानाला हेडफोन लावून गप्प बसायची नोकरी करायला लागली, याचं आमच्या घरात अजून हसू होतं. उपसागराच्या काठावर एक श्रवण केंद्र आहे, तिथे ती काम करते. केंद्र माझ्या घरापासून जवळ, म्हणून राहते माझ्याकडे. मी शाळेतून निवृत्त झालेला मास्तर. मुलांची सवय काही सुटत नाही, तेव्हा दर शनिवारी जवळच्या शाळेतली पोरं गोळा करून मी केंद्रावर नेतो आणि त्यांना समुद्र ऐकवतो.

मुलांना मी आधी बोया दाखवतो. उपसागराच्या तोंडापासून बंदरापर्यंत जहाजांची ठरलेली वाट आहे. त्या वाटेच्या कडेने तीन बोया तरंगतात, एकामागे एक, समान अंतरावर. बोया म्हणजे साखळीने तळाला बांधलेलं मोठं बंद पिंप. प्रत्येकाच्या खाली पाण्यात एक माइक लोंबत असतो आणि तो रात्रंदिवस ऐकत असतो. हवेत आवाज जितक्या वेगाने जातो त्याच्या चौपट-पाचपट वेगाने तो पाण्यात जातो आणि खूप दूरवर जातो. डोळ्यांना तिथे हातभर पुढचं दिसत नाही. त्यामुळे पाण्यातली जनावरं एकमेकांना आवाजानेच शोधतात. आई पिल्लाला, पिल्लू आईला.

आता आईचा विषय निघालाच आहे तर थोरलीबद्दल सांगतो. दर हंगामात देवमाशाची एक मादी आमच्या उपसागरात येते. केंद्रातली माणसं तिला थोरली म्हणतात. यंदा ती बाळंत झाली. पिल्लाचं नाव ओघानेच धाकटं पडलं. नाव धाकटं, पण आकाराने आमच्या स्वयंपाकघराएवढं. देवमाशाच्या पिल्लाला जन्मतः नीट बुडी मारता येत नाही. दर थोड्या वेळाने त्याला श्वासासाठी वर यावं लागतं, म्हणून आई पाण्याच्या अगदी वरच्या थरात त्याला अंगाशी घेऊन पडून राहते. अशा वेळी भरधाव जहाज आलं तर दोघांनाही बाजूला व्हायला सवड मिळत नाही.

म्हणून यंदा पहिल्यांदाच नियम झाला होता. हंगाम संपेपर्यंत त्या वाटेवर जहाजांनी हळू जायचं. आपण कोण, कुठे आहोत आणि किती वेगाने जातोय हे सतत कळवणारं जे यंत्र प्रत्येक जहाजावर असतं, ते सुरू ठेवायचं. मोडला नियम तर कंपनीला दंड. पण हा नियम एका हंगामापुरता होता, प्रयोग म्हणून. तो टिकला तर कायम होणार, नाही तर संपला. आणि अजून एकाही कंपनीला दंड झालेला नव्हता. बंदरावरची माणसं चहा पिता पिता म्हणायची, कायदा कसला, विनंती आहे ती.

एके दिवशी संध्याकाळी दीपगृहाच्या रखवालदाराला मालाने भरलेलं एक मोठं जहाज तोंडातून आत शिरताना दिसलं. जहाजं दाखवणाऱ्या बंदराच्या पडद्यावर तिथे जहाजच नव्हतं, म्हणजे त्याचं यंत्र बंद होतं. जहाजाच्या नाकाडाशी पांढरा फेस असा उसळत होता की रखवालदाराने हातातला चहा खाली ठेवला. त्याने वरच्यांना कळवलं. प्रकरण उभं राहिलं. कंपनीचं म्हणणं असं की यंत्र बिघडलं होतं, जहाज मात्र हळूच गेलं. जहाजावर प्रवासाची जी नोंद आपोआप होते ती नेमकी पुसली गेली होती. आणि रखवालदाराने फेस पाहिला हे खरं, पण फेसावरून वेग सांगता येत नाही, असं कंपनीच्या वकिलाने लेखी कळवलं.

मग बंदराची माणसं श्रवण केंद्रावर आली. त्यांनी टकळीला विचारलं, तुमचे तीन माइक त्या वाटेवरच आहेत ना? जहाजाच्या इंजिनाचा आवाज तिन्हींत आलाच असेल. पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत यायला त्याला किती वेळ लागला तेवढं सांगा, वेग निघतो. टकळीने मान डोलावली. निघेल म्हणाली.

त्या दिवशी ती घरी आली आणि जेवली नाही. ज्या घरात टकळी गप्प बसते त्या घरात काहीतरी मोठं बिनसलेलं असतं, म्हणून मी ताट झाकून ठेवलं आणि वाट पाहिली. बऱ्याच वेळाने ती बोलली.

केंद्रातली पद्धत अशी होती. माइकमध्ये जे भरलं जातं त्यात सगळ्यांत मोठा आवाज जहाजांच्या घरघरीचा. त्या घरघरीखाली मासे, झिंगे, थोरली, धाकटं, सगळे दबून जातात. म्हणून केंद्रातली माणसं आलेल्या ध्वनिमुद्रणातून घरघर ओळखून वजा करायची. जे उरेल ते जिवंत, ते जपून ठेवायचं. मूळ मुद्रण जागा फार खातं, तेव्हा ते पुसायचं. घरघरीला तिथे सगळे कचरा म्हणत. कालचा कचरा काढलास का, असं एकमेकांना विचारत, जसं घराघरांत विचारतात. ज्यांचं सगळं आयुष्य देवमाशांचा आवाज ऐकण्यात गेलं त्यांना जहाजाचा आवाज जपायचं सुचणार तरी कसं?

त्या संध्याकाळचा कचरा टकळीने स्वतः काढला होता. घाईघाईने काढला होता, कारण थोरली आणि धाकटं त्या संध्याकाळनंतर ऐकू येईनासे झाले होते आणि शेवटचा त्यांचा आवाज कुठे सापडतो का हे तिला बघायचं होतं.

"एकुलता एक पुरावा होता, मामा," ती म्हणाली, "आणि मी तो झाडून टाकला."

मी तिला म्हटलं, आधी दोन घास खा. मास्तराला दुसरं काय सुचणार. पण मलाही कळत होतं. पहिलंच प्रकरण हरलो तर नियम संपला. पुढच्या हंगामात कुठलंही जहाज त्या वाटेवर वेग कमी करणार नव्हतं, आणि थोरली परत आलीच तर तिच्या वाट्याला तो फेस होता.

नंतरच्या शनिवारी मी पोरं घेऊन केंद्रावर गेलो. टकळी म्हणाली होती, नको आणूस या वेळी. पण मुलांना एकदा शब्द दिला की दिला. केंद्र म्हणजे एक लांब व्हरांडा आणि त्याला लागून तीन खोल्या. पहिल्या खोलीत देवमाशाचा सांगाडा टांगलेला, मधल्या खोलीत पुस्तकं आणि नकाशे, शेवटच्या खोलीत टकळीची यंत्रं. मुलं तिन्ही खोल्यांत पसरली आणि त्यांनी जो दंगा मांडला तो उपसागरातल्या माशांनाही लाजवेल असा होता. मी शेवटच्या खोलीत टकळीशेजारी डोळे मिटून बसलो होतो. मुलांच्या गलक्यात मला छान डुलकी लागते, ही जुनी सवय.

केंद्राच्या प्रमुखांना सगळे बाई म्हणतात. बाई ओरडत नाहीत. नुसतं चष्म्यावरून बघतात, आणि तेवढं पुरतं. त्या दिवशी पहिली खोली एकदम गप्प झाली. लगेच पाठोपाठ मधली.

"बाई निघाल्या," मी डोळे न उघडता म्हटलं. "आणि आज घाईत आहेत."

"तुला कसं कळलं?" टकळीने विचारलं. तिचं लक्ष नव्हतं, सवयीने विचारलं.

मी सांगितलं की यात काही जादू नाही. हेडसर व्हरांड्यातून निघाले की वर्ग एकामागोमाग गप्प होत जातात, ती शांतता त्यांच्या पुढे पुढे चालत असते. पहिली खोली गप्प झाल्यावर मधली लगेच गप्प झाली, म्हणजे बाई भरभर चालताहेत. रमतगमत आल्या असत्या तर मधल्या खोलीला अजून थोडा दंगा करून घेता आला असता. आयुष्यभर मास्तरकी केलेल्या माणसाला पावलांचा आवाज ऐकावा लागत नाही.

मी डोळे उघडले तेव्हा टकळीने हेडफोन काढून मांडीवर ठेवला होता आणि ती माझ्याकडे बघत होती, जणू मी नुकताच पाण्यातून वर आलो होतो.

"परत बोल," ती म्हणाली.

तेवढ्यात आमची खोलीही गप्प झाली आणि बाई दारात आल्या.

घरघर पुसली गेली होती. मासे पुसले गेले नव्हते. जहाज आलं तेव्हा दिवेलागण होती आणि तिन्ही बोयांभोवती मासे पूर्ण भरात होते. टकळीने जपून ठेवलेलं मुद्रण लावलं. पहिल्या बोयावर मासे वाजवत होते, वाजवत होते, आणि कुणीतरी हात वर करावा तसे थांबले. तिने दुसऱ्या बोयाचं मुद्रण लावलं. तिथेही थांबले, जरा नंतर. तिसऱ्यावर अजून जरा नंतर. जहाजाचा आवाज कुठेच नव्हता. होती ती फक्त एक शांतता, आणि ती उपसागराच्या तोंडाकडून बंदराकडे चालत निघाली होती. दोन बोयांमधलं अंतर ठाऊक होतं. तेवढं अंतर कापायला शांततेला किती वेळ लागला हे समोर होतं. अशी उदाहरणं मी आयुष्यभर फळ्यावर घातली, पण त्यात आगगाड्या असायच्या.

टकळीने भागाकार केला. मी तिच्या खांद्यावरून बघत होतो. वेग नियमाच्या दुपटीहून जास्त निघाला.

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. बाईंना नाही वाटल्या. त्या म्हणाल्या, मासे म्हणजे साक्षीदार नव्हेत, आधी तपासा. खोदून खोदून विचारायची ती पद्धत मला आवडली. नियम लागू व्हायच्या आधी याच वाटेवरून जहाजं वेगाने जात होती, तेव्हा ते बेकायदा नव्हतं आणि त्यांची यंत्रं सुरू होती, म्हणजे त्यांचा वेग आधीच ठाऊक होता. बाईंनी टकळीला ती जुनी मुद्रणं काढायला लावली. त्यांच्यातलीही घरघर पुसलेलीच होती. टकळीने प्रत्येक जहाजाचा वेग नुसत्या माशांच्या शांततेवरून काढायचा आणि मग खऱ्या आकड्याशी ताडून बघायचा, असं ठरलं. पुढचे काही दिवस ती हेच करत होती. एकेक जहाज जुळत गेलं. शेवटी बाईंनी चष्मा काढून पुसला. केंद्रातल्या लोकांनी मला नंतर सांगितलं की बाईंच्या आनंदाचं ते टोक होय.

सुनावणी बंदराच्या कचेरीत वरच्या मजल्यावर झाली. लांबलचक दालन, एका बाजूला ओळीने खिडक्या, खिडक्यांबाहेर क्रेनच्या माना. टेबलाच्या टोकाला सुनावणी अधिकारी बसले होते. बारीक अंगाचे गृहस्थ, सर्दी झालेली, पुढ्यात रुमालांची चळत. एका बाजूला कंपनीचे व्यवस्थापक, त्यांचा वकील आणि त्यांनी आणलेले आवाजाचे एक वयस्क तज्ज्ञ. त्यांच्यापासून जरा दूर जहाजाचा कप्तान, टोपी गुडघ्यावर ठेवून. दुसऱ्या बाजूला बंदराची माणसं, बाई आणि टकळी. मी मागच्या खुर्च्यांवर.

बाईंनी तिला बजावलं होतं की आपली चूक आपणच आधी सांगायची. टकळीने तशीच सुरुवात केली. मूळ मुद्रण पुसलं, मी पुसलं, आणि का पुसलं. मग उरलं काय, ते सांगितलं.

वकील माणूस गमत्या होता. त्याने अधिकाऱ्यांना विचारलं की आता मासे साक्ष देणार असतील तर त्यांना शपथ कोण देणार. दालनात हशा पिकला. टकळीही हसली.

"ते काही बोलले असते तर शपथ लागली असती, साहेब," ती म्हणाली. "ते गप्प बसलेत."

मग वकिलाने खरा प्रश्न विचारला, आणि प्रश्न चांगला होता. तुमच्या यंत्राने घरघर वजा केली, तेव्हा त्याबरोबर मासेही वजा झाले नसतील कशावरून? ही शांतता समुद्रातली नसून तुमच्या यंत्रातली असेल. टकळीने उत्तर दिलं की त्या शांततेतही तळाच्या झिंग्यांची तडतड सुरू आहे. नांगी मिटली की त्यांचा तसा आवाज होतो, तेलात मोहरी पडावी तसा, आणि त्यांना जहाजांचं काही देणंघेणं नसतं. यंत्राने सरसकट पुसलं असतं तर तीही गेली असती. शिवाय नियम पाळून हळू गेलेल्या जहाजांची मुद्रणं याच यंत्राने साफ केलीत. त्यांत मासे आवाज जरा खाली आणतात, पण वाजवायचे थांबत नाहीत.

आता तज्ज्ञ पुढे झुकले. मऊ आवाजाचे गृहस्थ होते. त्यांची शंका अशी की मासे जहाज डोक्यावर आल्यावर थोडेच गप्प होतात, ते तर बरंच आधी. मग वेळ मोजायची कुठून? टकळीने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मग तिने हेडसरांची गोष्ट सांगितली. हेडसर दारात यायच्या आधीच वर्ग गप्प होतो, हे खरं. पण प्रत्येक वर्ग तेवढाच आधी गप्प होतो. म्हणून एका वर्गापासून दुसऱ्या वर्गापर्यंतचा वेळ बदलत नाही. आणि मग तिने जुन्या जहाजांचे जुळलेले आकडे त्यांच्यापुढे ठेवले.

तज्ज्ञांनी ते पाहिले. पुन्हा पाहिले. व्यवस्थापक त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. शेवटी त्यांनी कागद सरळ करून ठेवले आणि अधिकाऱ्यांना सांगितलं की पद्धत बरोबर आहे. पुढे ते जे म्हणाले ते कुणी विचारलेलं नव्हतं. इतकी वर्षं मी पाण्यातला आवाज मोजतोय, पण आवाज नसलेलं मोजता येईल हे मनात आलं नव्हतं, असं ते म्हणाले.

अधिकाऱ्यांनी रुमाल खाली ठेवला. मला ऐकायचंय, म्हणाले.

टकळी तयारीने आली होती. दालनाच्या लांबीत तिने तीन स्पीकर मांडले, एक दाराशी, एक मध्ये, एक पार टोकाला अधिकाऱ्यांपाशी. तीन बोयांचे तीन. आणि तिने ती संध्याकाळ एकदम तिन्हींतून सुरू केली.

मी पुष्कळदा ऐकलेलं होतं, पण हेडफोनमधून, एका वेळी एक. असं कधीच नाही. दालन भरून गेलं. हजारो मासे, समोर, मागे, टेबलाखाली, खिडक्यांच्या काचांवर. काचा खरोखर थरथरत होत्या. वकिलाने हातातलं पेन खाली ठेवलं. कोरड्या लाकडी जमिनीवर खुर्च्या टाकून आम्ही सगळे जण पाण्याखाली बसलो होतो.

मग दाराकडचे मासे थांबले.

आमच्या पाठीमागे अचानक काही नव्हतं. नुसती झिंग्यांची तडतड. पुढे अजून वाजत होतं. मग मधले थांबले. ती शांतता आमच्या मधून गेली. कुणी दिसत नव्हतं, काही हललं नव्हतं, पण खुर्च्यांच्या रांगेतून काहीतरी अवाढव्य पुढे सरकत होतं आणि आम्ही सगळे मान वळवून त्याच्याकडे बघत होतो. कप्तानाची नजर दारापासून टेबलाच्या टोकापर्यंत सावकाश फिरत गेली. त्याचं जहाज जिथे जिथे होतं, तिथे तिथे.

टोकाचे मासेही थांबले. आणि त्या सगळ्या शांततेत, मधल्या स्पीकरमधून, एक हाक आली.

खूप खालच्या सुरातली, लांब, वर जाणारी. टकळीने मला थोरलीचा आवाज ओळखायला शिकवला होता. हाक आली, थांबली, पुन्हा आली. मग दुसऱ्याच बाजूने एक आखूड, फाटका आवाज. धाकटं. ते हाक मारत होतं आणि थोरली हाक मारत होती, पण उत्तराची जागा जुळत नव्हती. एकाच्या हाकेवर दुसऱ्याची हाक पडत होती. दोन माणसं बंद दाराच्या दोन बाजूंनी एकदम बोलावीत तशी.

अधिकाऱ्यांनी हळू आवाजात विचारलं, ती एकमेकांना उत्तर का देत नाहीत?

"त्यांना ऐकू येत नाहीये," टकळी म्हणाली. "आपल्याला येतंय, कारण आपण जहाज पुसलंय. त्या वेळी पाण्यात फक्त जहाज होतं."

त्या संध्याकाळी तिथे असणाऱ्या कुणालाही जे ऐकू आलं नसतं, खुद्द आईलाही जे ऐकू आलं नाही, ते आम्ही ऐकत बसलो होतो. मी आयुष्यभर मुलांना जग किती मोठं आहे ते शिकवलं. मला स्वतःला ते त्या दालनात कळलं.

मग दाराकडचे दोन-चार मासे चाचपडत सुरू झाले. हळूहळू मधले. आणि शेवटी, मासे पुन्हा दाटायच्या आधी, थोरलीची एक हाक आली आणि ती संपल्यावर, ती संपल्यावरच, धाकट्याचा आवाज आला. टकळीने मुद्रण थांबवलं. ती मला नंतर म्हणाली, हे इतक्यांदा ऐकूनही तिला दर वेळी वाटतं की या वेळी उत्तर येणार नाही.

कप्तान उभा राहिला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. व्यवस्थापकांनी त्याची बाही ओढली, ती त्याने सोडवून घेतली.

"मी सुकाणूशी उभा होतो," तो म्हणाला. "समोर काळं पाणी होतं. खाली कुणी आहे असं वाटलंच नाही." त्याने टोपी टेबलावर ठेवली. "यंत्र बिघडलं नव्हतं. आम्ही बंद केलं. उशीर भरून काढा असा ऑफिसचा निरोप होता."

वकिलाने डोळे मिटून घेतले. व्यवस्थापक उठून सांगू लागले की असा निरोप देण्याची कंपनीची पद्धत नाही आणि कप्तानावर कंपनी कारवाई करेल. अधिकाऱ्यांनी त्यांना बसायला सांगितलं. ते म्हणाले, वर्गात दंगा झाला की एका पोराला बाकावर उभं करून मोकळं व्हायचं, हे मी शाळेत असताना पुष्कळ पाहिलंय. मला ते वाक्य इतकं पटलं की मी मोठ्याने हो म्हणालो, आणि बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

मध्ये सुट्टी झाली. त्यानंतर अधिकाऱ्यांनी निकाल वाचला, दोनदा शिंकून. नियम मोडला हे सिद्ध झालं. दंड कंपनीला, कायद्यात आहे तेवढा पूर्ण, आणि हंगाम संपेपर्यंत कंपनीच्या एकाही जहाजाला त्या वाटेने जाता येणार नाही. त्यांनी लांबचा फेरा घ्यायचा. कप्तानाने खरं सांगितलं, त्याची नोंद व्हावी आणि याबद्दल कंपनीने त्याला त्रास देऊ नये. बोयांची मूळ मुद्रणं जपायला जी जागा लागेल तिचा खर्चही कंपनीने द्यायचा. शेवटचं कलम वाचताना त्यांनी टकळीकडे पाहिलं आणि म्हणाले, यापुढे कचरा काढू नका.

नियम कायम झाला. बंदरावर चहा पिताना आता त्याला कुणी विनंती म्हणत नाही.

थोरली आणि धाकटं त्या हंगामात पुन्हा ऐकू आले नाहीत. ते उपसागर सोडून गेले, जिवंत गेले, एवढं मुद्रणावरून म्हणता येतं. पुढच्या हंगामात येतील का, ते टकळीलाही सांगता येत नाही. मुलं दर शनिवारी विचारतात आणि मी त्यांना खरं तेच सांगतो, की माहीत नाही. माहीत नाही म्हणायला मुलांपुढे लाजू नये.

हंगाम संपल्यावर, परवा संध्याकाळी मुलांना घेऊन केंद्रावर थांबलो. टकळीने मधल्या बोयाचा आवाज थेट स्पीकरवर लावला होता, काहीही न पुसता. मासे भरात होते. खिडकीतून दिसत होतं, एक मालाचं जहाज तोंडातून आत येत होतं, सगळे दिवे लावून, हळू. हंगाम संपला की लांबच्या फेऱ्यातून सुटलेलं पहिलं जहाज सुनावणीतलंच असणार, असं बंदरावर आधीच बोललं जात होतं. कायम करताना नियम बारमाही केला होता, म्हणून हंगामाबाहेरही हळूच जायचं. टकळीने पडद्यावरचं नाव वाचलं आणि मला नुसती खूण केली. मी ओळखलं. जहाज तेच होतं, आणि बंदरावर ऐकलं होतं त्याप्रमाणे कप्तानही तोच.

घरघर वाढत गेली. माशांनी आवाज थोडा खाली आणला. मुलं श्वास रोखून ऐकत होती. सांगाड्याच्या खोलीतून पळत आलेली एक चिमुरडी माझ्या खुर्चीला चिकटून उभी होती. तिने माझी बाही ओढली.

"सर, गेलं का जहाज?"

"जातंय अजून," मी म्हटलं. "नीट ऐक."

तिने कान स्पीकरला लावला. घरघर आमच्यासमोरून जात होती आणि तिच्याखाली मासे वाजवत होते.